झाकणावरची खोली

६ सप्टेंबर, शनिवार

आलो एकदाचे! ही वही आईनेच घेऊन दिली. नव्या घराचं सगळं लिहून ठेव म्हणाली, नाहीतर वर्षभराने पडदे कोणी निवडले यावरून भांडशील. पडदे मी निवडलेत, नोंद असावी.

सामानवाले इथले, डर्बीतलेच होते, दोघे भाऊ. आई आरामखुर्चीत बसून काठीने त्यांना हुकूम सोडत होती. कपाट नेताना दाराची चौकट खरचटली, तर म्हणाली की माझा जावईसुद्धा असाच घरात शिरला होता आणि जातानाही चौकट खरचटूनच गेला. ते दोघे हसले आणि माझी मान खाली गेली. घटस्फोटाला बारा वर्षं झाली, तरी तिच्या जिभेवरून तो उतरत नाही. किटली पहिल्याच खोक्यात ठेवली होती, म्हणून गाडी रिकामी व्हायच्या आत चहा झाला. रात्री कागदावरच फिश अँड चिप्स खाल्ले.

घर घेतलं ते मागच्या खोलीसाठी. ती आईची. एक पायरी नाही, शेजारी न्हाणीघर, बागेकडे मोठी खिडकी. खुबा मोडल्यापासून तिला जिना चढवत नाही. हिवाळाभर वृद्धाश्रमात होती. मी भेटायला जायची तेव्हा ती कोट घालून दाराशी बसलेली असायची, रोज, की आज मी तिला नेईन. तिथून आणताना मी तिला शब्द दिला आहे: परत तिथे नाही, काही झालं तरी नाही.

खोली विनापरवाना आहे हे वकिलाने आधीच सांगितलं. गल्लीतल्या सगळ्या घरांचं भुयारी गटार नेमकं या खोलीखालून जातं आणि मागच्या मालकाने, टॅनर त्यांचं नाव, कोणालाही न विचारता वर बांधलं. घाबरू नका, वकील म्हणाला, असल्या घरांसाठी विमा मिळतो. अट एकच. गटार ज्यांचं त्या पाणी कंपनीला किंवा कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, या खोलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एकदा जरी विचारलंत तरी विमा रद्द, आणि फरशी फोडायचा हक्क त्यांचा. थोडक्यात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, गिऱ्हाइकाच्या साध्या चिठ्ठीलाही त्याच दिवशी उत्तर देते. गप्प राहायचं, याचे पैसे भरायचे, हे मला विचित्रच वाटलं. पण सही केली.

१४ सप्टेंबर, रविवार

शेजारच्या बेरिलबाई लिंबाचा केक घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील, बोलक्या. त्यांच्याकडेही मागे अशीच खोली आहे. या रांगेत सगळ्यांकडेच आहे, आणि परवाना कोणाकडेच नाही. म्हणून इथे कोणी कोणाची चहाडी करत नाही, असं म्हणून त्या डोळा मारून हसल्या.

मग आईचा पलंग कुठे ठेवलाय ते विचारलं. खिडकीखाली, म्हटलं. तर त्यांचा कप तोंडापाशीच थांबला. भिंतीकडे घे गं पोरी, म्हणाल्या, खिडकीतून गार वारा येतो. खिडकी दुहेरी काचेची आहे. वारा कुठला येतोय?

त्या गेल्यावर आई म्हणाली की केक असा जड आहे की गटारात टाकला तर गल्ली तुंबेल.

मी गालिचा उचलून पाहिला. पलंगाच्या बरोबर खाली एक चौकोनी झाकण आहे, वर फरशी बसवलेलं. कडा सिमेंटने बुजवल्यात. नीट काम आहे. परत गालिचा टाकला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आमचा एक रिवाज पडलाय. आईला चहा हवा असला की काठी दोनदा आपटते. आज ठकठक झाली म्हणून चहा नेला, तर आई म्हणे, मी कुठे आपटली? मी पेंगत होते. पण आणलायस तर ठेव, तुझ्यासारखी मनकवडी मुलगी लाखात एक.

तिचा गुलाबांचा कप सापडत नाहीये. बशी आहे, कप नाही. मी सगळी खोकी उपसली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सपाता गेल्या. दोन्ही. आईने पाय सोडून त्या घालायच्या, इतक्या जवळ असतात.

आई म्हणते, खालचे नेतात. कोण खालचे? तर म्हणे, आवाज देतात ते. दुपारी चारच्या सुमारास. फार अदबीने बोलतात, तुझ्या नवऱ्यापेक्षा शतपटीने बरे. आधी ठोठावतात, मग बरं आहे ना विचारतात. मी हसले. मग हसू येईना, कारण आई चेष्टा करते तेव्हा माझ्याकडे बघत असते, आणि आज ती फरशीकडे बघत होती.

संध्याकाळी ओणवी होऊन मी झाकणाच्या कडेला नाक लावलं. खालून अख्ख्या गल्लीचा मैला वाहतो. वास यायला हवा ना? वास आला तो इस्त्री केलेल्या कपड्यांचा. कोणीतरी अंथरूण घालतंय असा.

पाणी कंपनीचा नंबर काढला. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. त्यांना सांगितलं तर खोली जाईल. खोली गेली तर आईला ठेवू कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तिने स्वतः शिवलेली चौकटींची गोधडी गेली. बाहेरचं कोणी आलं नाही. दार आतून बंद होतं.

काल पलंग भिंतीकडे ओढला. एकटीने ओढताना माझी कंबर धरली. आज दुकानातून आले तर पलंग परत खिडकीखाली. आईला धड ग्लास उचलवत नाही, बोटातली अंगठीही सैल झालीय. मी ओरडले तिच्यावर, मला लाज वाटतेय, पण ओरडले. ती शांतपणे म्हणाली, तिथे उबदार असतं गं, म्हणून.

मग म्हणाली, ते विचारत होते मी कुठल्या कुशीवर झोपते.

मला भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

टॅनरना फोन केला. शहराच्या पलीकडे चौथ्या मजल्यावर राहतात. घर विकून चौथ्या मजल्यावर का गेले, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

मी नाव सांगितलं तशी त्यांनी एकच गोष्ट विचारली: काय काय गेलं?

कप, सपाता, गोधडी. ते मग म्हणाले, उशी अजून आहे ना? उशी शेवटी जाते. उशी गेली की तिकडचं अंथरूण तयार झालं असं समजा.

तेव्हा खोली नव्हती, अंगणात उघडं झाकण होतं. त्यांच्या बायकोची, ग्वेनची, उशी गेली आणि दुसऱ्या दिवशी ग्वेन गेली. लोकांना वाटलं नवऱ्याला सोडून गेली. त्यांनी झाकणावर काँक्रीट ओतलं. तडकलं. पुन्हा ओतलं. मग भिंती, छप्पर, सगळं. मला खोली नको होती हो, म्हणाले, मला वजन हवं होतं. परवाना मागितला असता तर कंपनीची माणसं आधी झाकण उघडून बघायला आली असती. रांगेतल्या सगळ्यांनी तेच केलंय. आणि सगळ्यात शेवटी मी बांधली, माझंच वजन सगळ्यांत कमी पडलं, म्हणजे आता त्या खालच्यांना कुठूनच वाट नाही, तुमच्याकडून सोडून.

मी त्यांना नाही नाही ते बोलले. आम्हाला का विकलंत, म्हातारीला तिथे झोपवणार हे माहीत असून! ते रडायला लागले. मी विचारलं, ग्वेन कुठे आहे.

म्हणाले, ठोठावतं कोण मग.

१९ ऑक्टोबर, रविवार

उशी गेली.

सकाळी आईच्या डोक्याखाली होती. मी अंडं उकडायला गेले तेवढ्यात. आई उताणी, डोकं गादीवर सपाट, आणि चेहऱ्यावर समाधान.

वर माझ्या खोलीत नेऊ म्हटलं, तर चौथ्या पायरीवरच तिच्या खुब्याने दगा दिला, वेदनेने पांढरी पडली. परत खाली आणावी लागली. हॉटेलमध्ये तिला न्हाऊ कोण घालणार. मग मी वृद्धाश्रमाला फोन केला. दोनच दिवस, म्हटलं, फक्त दोन दिवस ठेवून घ्या. स्वयंपाकघराचं दार लावून हळू बोलत होते. उद्या दहाला गाडी पाठवतो म्हणाले.

मी वळले तर आई दारात. काठीवर. एवढं अंतर ती एकटी कशी चालली?

भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की लॉर्ना, आपलं ठरलं होतं. मी पाया पडायची बाकी राहिले. सांगितलं, तुला वाचवायला करतेय गं, दोनच दिवस. तर म्हणाली, राहू दे. मला दुसरीकडे जागा मिळालीय. तिथे कोट घालून बसावं लागत नाही.

२० ऑक्टोबर

रात्रभर तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. उजाडलं तेव्हा ती घोरत होती. नऊला तिची बॅग आणायला वर गेले. मोजे घेतले, औषधं घेतली, आले.

पलंग नीट आवरलेला. चादरीला एक सुरकुती नाही. आई नाही. काठी नाही.

दार मी बाहेरून लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात. खिडकीला आतून कडी. गालिचा सपाट.

गाडीवाला दहाला आला आणि बेल वाजवत राहिला.

२१ ऑक्टोबर

पोलीस आले. म्हाताऱ्या भरकटतात म्हणाले, बाग पाहिली, नदीकाठी माणसं पाठवली. मी पलंग सरकवून झाकण दाखवलं. त्यातल्या एकाने कडेने बोट फिरवलं. सिमेंट जुनं आहे बाई, म्हणाला, वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही. माझ्या खांद्यावर थोपटलं.

मग मी पाणी कंपनीला फोन केला. सगळं सांगितलं. गेला विमा खड्ड्यात, गेली खोली! फोनवरची मुलगी चांगली होती. तिने नकाशा पाहिला आणि म्हणाली, तुमच्याकडे झाकण दिसत नाही. खोलीही दिसत नाही. गुरुवारी माणूस पाठवते.

बेरिलबाईंना कसं कळलं कोण जाणे. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोलत होत्या. पोरी, फोन परत कर, नको म्हणून सांग. तुझं झाकण उघडलं तर कंपनीवाले सगळ्यांचीच उघडतील. मी म्हटलं, माझी आई खाली आहे. त्या म्हणाल्या, माझी बहीण आहे.

२२ ऑक्टोबर

चार वाजता. ठकठक.

तिची काठी. टोकाला रबर आहे, तो बोदा आवाज मी झोपेतही ओळखेन. खालून.

मी काय केलं? चहा केला. हात आपोआप. दूध, दोन साखरा. गालिच्यावर ठेवला आणि बसून रडले. मग हात धुवायला गेले. आले तर बशी आहे, कप नाही.

हातोडी आणली. सिमेंटवर घाव घातले. चरासुद्धा पडत नाही. मी आई, आई ओरडत होते — खालून कोणीतरी अदबीने म्हणालं, बरं आहे ना?

संध्याकाळी वर गेले तर माझ्या सपाता

२३ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीचा माणूस आला नाही. फोन केला तर म्हणे भेट रद्द झालीय, या घरातूनच एका बाईंचा फोन होता. वयस्कर आवाज. फार छान बोलल्या म्हणे.

माझी उशी नाही. वरच्या मजल्यावरची. वरची —

निघून जावं. गाडीची किल्ली हातात आहे. जावं. पण ती खाली आहे आणि मी शब्द दिलाय

चार वाजले. ठकठक. चहा घेऊन आले. झाकण उघडं आहे. सिमेंट कुठेच नाही, कधी नव्हतंच असं. खालून उजेड. उबदार. इस्त्रीचा वास. पायऱ्या नाहीत, एक पायरी नाही, आईला हवं तसं —

हाक मारली. आई, मी तुला पाठवणार नव्हते गं. दोनच दिवस. खरंच दोन —

ती म्हणाली, माहीत आहे बये. रागावले नाही. ये. तुझं अंथरूण इथे खिडकीखाली घातलंय.

आवाज तिचाच. पण चेष्टेचा एक शब्द नाही. एकही नाही. आई अशी कधी

काठावर बसलेय. कप शेजारी ठेवलाय. कप घ्यायला खालून हात वर आला. अंगठी आईचीच. बोटं तिची नाहीत, ती