चवळी उपटू नये

राजेंद्र नगर, इंदूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. संहिता हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही असशील. थंडी सुरू झाली आहे आणि टोपी घालण्यावरून बाबांशी रोज सकाळी माझं भांडण होतं, म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू 'कशा आहात' विचारतेस, मी 'बरी आहे' म्हणते, आणि मग दोघी एकदमच 'ठेवू का' म्हणतो. पत्रात निदान पान तरी भरावं लागतं. पहिल्या कागदावर सवयीनं 'चि. सौ.' लिहून बसले होते, म्हणून हा दुसरा कागद.

काम बागेचं आहे. एप्रिलमध्ये तुझे आणि आमच्या उन्मेषचे कोर्टात सोडचिठ्ठीचे कागद झाले, तू खजरान्याच्या बाजूला राहायला गेलीस, आणि मागच्या अंगणातले तुझे वाफे उन्हाळ्यात वाळून गेले. पावसाळ्यात म्हटलं, आता मी लावते. वीज मंडळात आयुष्यभर फायली लावलेली बाई मी. तुझा तो मक्यावर चढलेल्या चवळीचा आणि खाली पसरलेल्या भोपळ्याचा पसारा मला कधी बघवलाच नाही. बाबा तर म्हणायचे, "हे काय सराफ्याच्या खाऊगल्लीसारखी गर्दी लावून ठेवलीय." म्हणून मी टोमॅटोची एक ओळ, वांग्यांची एक, चवळीची एक, असं सगळं शिस्तीत लावलं. तुझे झेंडू आपोआप उगवले होते, ते दसऱ्याला तोरणापुरते ठेवले आणि मग उपटले. फुलं झाल्यावर झाडाचं काम काय? वाळकी पानं रोज झाडून ओल्या कचऱ्याच्या डब्यात, आणि सकाळी गाडी आली की गाडीत. आपलं गाव स्वच्छतेत पहिलं येतं ते काही उगाच नाही. माझी माती स्वयंपाकाच्या ओट्यासारखी लख्ख होती.

आता निकाल ऐक. चवळीवर काळा मावा इतका की शेंग दिसेना. टोमॅटोची पानं मुडपलेली. मातीला भेगा. आणि नळामागच्या कोपऱ्यात, जिथे माझा झाडू पोचत नाही, तिथे एक टोमॅटो आपला आपण उगवलाय. त्याच्या अंगाला अंग लावून कोथिंबीर फुलावर आलेली, शेजारी माझ्या नजरेतून सुटलेला एक झेंडू, पायाशी पाचोळा. त्या झाडाला पानांइतकी फळं आहेत. मी रोज चहा घेऊन तिथे जाते आणि बघत उभी राहते. बाबा म्हणतात, मी त्याच्या प्रेमात पडले आहे.

असं का होतं, ते तू सांग. कुणाशेजारी कोण लावायचं याचं तुझं काहीतरी गणित होतं, आणि मी त्याला पसारा म्हणत आले. उत्तर नाही आलं तर टोमॅटो मंडईतून आणू, पण मला चैन पडणार नाही.

दिवाळीच्या मेसेजमध्ये तू मला 'काकू' लिहिलंस. बरोबरच आहे. पण त्यामुळे खाली सही काय करावी ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिते.

रमा


राजेंद्र नगर, इंदूर
२१ डिसेंबर २०२५

चि. संहिता हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. दोन पानं, चित्रांसकट! बाबांनी भिंग घेऊन वाचलं. तुझ्या तब्येतीबद्दल, ऑफिसबद्दल एक अक्षर नाही, सगळा मजकूर झेंडूच्या मुळांवर. मी पण तसलीच, म्हणून तक्रार करत नाही.

झेंडूची मुळं मातीतल्या किडीला टिकू देत नाहीत, म्हणून तो टोमॅटोजवळ हवा. कोथिंबिरीच्या फुलावर बारीक माश्या येतात आणि त्यांची पिल्लं मावा खातात. हे वाचलं आणि मी दोन दिवस स्टूल टाकून कोथिंबिरीसमोर बसले. येतात, खरंच येतात. मधमाशीचा पोशाख घातलेली माशी, हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते. इतकी वर्षं मी या अंगणात कपडे वाळत घालते आहे आणि ही बाई मला कधी दिसली नाही.

पाचोळा गाडीत देणं बंद केलंय. गाडीवाल्यानं काल विचारलंच, "माताजी, आजकल पत्ती नहीं दे रहे?" त्याला सांगितलं, आमच्याकडे वाफ्यांना पांघरूण लागतं. तो हसून गेला.

कांदा आणि चवळी शेजारी नको, असं तू लिहिलंस. हे मला पटलं नाही. उरलेल्या हिरव्या चवळीच्या एका बाजूला मुद्दाम कांदा लावला आहे, बघू.

एक भीतीची गोष्ट. चवळीची बाकीची ओळ संपली म्हणून उपटायला घेतली, तर मुळांना बारीक बारीक गाठी! बाबा म्हणाले, रोग आहे, फेकून दे. अर्धी ओळ उपटून फेकलीसुद्धा. मग एकदम आठवलं की तू चवळी कधीच उपटायची नाहीस. माझी स्वयंपाकघरातली कात्री न्यायचीस आणि मातीलगत कापायचीस. कात्री बोथट होते म्हणून मी कुरकुरायची आणि मनात म्हणायची, आळशी आहे, वाकून उपटत नाही. म्हणून हात थांबवला. उरलेल्या अर्ध्या ओळीचं काय करू ते लगेच कळव.

उन्मेष मागच्या आठवड्यात बंगलोरहून येऊन गेला. बरा आहे. त्याचं एक सांगायचं होतं, पण असो. आधी चवळीचं बघू.

हलव्याचे दाणे करायला घेतले आहेत. तू नसलीस की काटा येत नाही, हे तुझं म्हणणं खरं होतं असं दिसतं.

रमा


राजेंद्र नगर, इंदूर
२२ फेब्रुवारी २०२६

चि. संहिता,

आशीर्वाद. तू लिहिल्याप्रमाणे एक गाठ नखानं फोडून बघितली. आतून गुलाबी! रोग कसला, ती तर चवळीची शिदोरी. हवेतलं खत ओढून मुळाशी बांधून ठेवते, आणि वरून कापलं तरी खालची गाठोडी मातीतच राहून पुढच्या पिकाच्या कामी येतात. मी उरलेली अर्धी ओळ कात्रीनं कापली, आणि दोन्ही अर्ध्यांवर पालक पेरला. एकच बी, एकच पाणी. उपटलेल्या अर्ध्यातला पालक पिवळट आणि बारकुडा. कापलेल्या अर्ध्यातला हाताच्या पंजाएवढा. बाबांना दाखवला, तर म्हणाले, "अपन तो मान गए भिया." त्यांनी कुणाचं म्हणणं मान्य करायची ही पहिलीच वेळ असेल.

कांद्याचा प्रयोगही सांगते. कांद्याशेजारची चवळी आणि लांबची चवळी, दोन्ही सारख्याच. तुझं शास्त्र इथे नापास. हसू नकोस, मी पुढच्या वर्षी पुन्हा करून बघणार आहे.

आता ते 'असो' सांगते. दोन महिने मी माश्यांच्या आणि गाठींच्या आड लपते आहे, हे तुला कळलं असेलच. उन्मेषचं लग्न ठरलंय. वैशाखात. मुलीचं नाव अनुश्री, त्याच्याच ऑफिसात आहे. तुला हे बड्या गणपतीच्या देवळात कुणा ओळखीच्या बाईच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढंच मला वाटत होतं. तेवढंच लिहायला इतका वेळ लागला.

तो ठरवायला आला तेव्हा म्हणाला, मागचं अंगण सपाट करून फरशा बसवू, हळदीचा मांडव तिथे घालू. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, संहिताशी ते पत्रबित्र आता बंद कर ना यार. अनुश्रीला ऑकवर्ड होईल."

मी भांडी घासायला आत गेले. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. त्याला नव्यानं सुरुवात करायची आहे, आणि नवीन माणसाला जागा लागते. पण भांडी घासता घासता मला इतका राग आला, संहिता, की कढई हातातून निसटली. तुमचं लग्न मोडलं तेव्हा तुम्हा दोघांना लोकांनी विचारलं, कसे आहात, काय करणार. मला कुणी विचारलं नाही. सात वर्षं एका ओट्यावर उभं राहायचं, एकीनं फोडणी द्यायची आणि दुसरीनं डाळ ओतायची, आणि मग एका कागदावर सह्या झाल्या की म्हणायचं, तुमचं काही नातं नाही. तुम्ही एकमेकांना सोडलंत. मी कुणाला सोडलं नव्हतं.

परवा उन्मेष अनुश्रीला आणि तिच्या आईला घर दाखवायला घेऊन आला. पोरगी चांगली आहे, तुला खोटं कशाला सांगू. थोडी घाबरलेली. मी तिला मागे नेलं, कारण घरात तिची आई पडद्यांची मापं घेत होती. पालकाचे दोन तुकडे बघून ती म्हणाली, "काकू, एवढा फरक कशामुळे?" मी सगळं समजावलं, गाठ फोडून दाखवली. मग ती म्हणाली, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

उन्मेष दारात उभा होता. मी म्हटलं, "संहितानं. आणि अजून शिकवते, पत्रातून. ते मी बंद करणार नाही, ते आजच तुझ्या कानावर घालते."

मला वाटलं, झालं, सगळं बिघडवलं. तिनं ती फोडलेली गाठ तळहातावर घेतली, उन्हात धरली, आणि उन्मेषला म्हणाली, "फरशी मत लगाओ यहाँ. मांडव पुढच्या अंगणात घालू." बस, एवढंच. पुढे ती माझ्याशी कशी वागेल, मला माहीत नाही. तुझं नाव तिला आवडेल असंही नाही. पण तिनं मुळाकडे नीट बघितलं, ते मला पुरलं. उन्मेष अजून माझ्याशी तुटक बोलतो. बोलेल हळूहळू.

तुला लग्नाला बोलवत नाही. तेवढी अक्कल आहे मला. तुला इथे यावंसं वाटणारही नाही, आणि नाही वाटलं तर मी समजून घेईन, फक्त पत्र लिहीत जा, झेंडूबद्दल लिहिलंस तरी चालेल. पण उन्हाळी पेरणी करायची आहे आणि भेंडीशेजारी काय लावायचं ते चित्रावरून मला कळत नाही. एखाद्या रविवारी ये. मागच्या फाटकानं ये, पुढून यायची गरज नाही. किल्ली कोरफडीच्या कुंडीखाली आहे, तू ठेवायचीस तिथेच. मी ती एप्रिलपासून हलवलेली नाही. कात्रीला धार लावून आणली आहे.

बाबांचे आशीर्वाद. ते कोथिंबिरीसमोर स्टूल टाकून बसलेत, माश्या मोजताहेत.

तुझी,
आई

(तू काकू म्हटलंस तरी मी ओ देईन.)