मनुष्यजातीच्या मुलीशी विवाह न झाल्याबाबत

शनिवार पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर २००६

चि. शंभू,

मामाचे आशीर्वाद घे. (दोन घे, पत्र लांबणार आहे.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. 'सर्व' यात माझा डावा गुडघा धरू नये. तो तुझ्या कामापायी कोर्टाच्या जिन्यावर कामी आला. तुझी प्रकृती तिथल्या उकाड्यात कशी आहे? आणि चि. अरुणीची? (मागे 'सौ.' लावायला हात शिवशिवला होता. पण पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे काढलेला हेडक्लार्क कागद झाल्याशिवाय कोणाला सौ. लिहीत नाही.)

तुझे पत्र पोचले. लग्न तिथल्या कचेरीत नोंदवायचे, कचेरीला आपल्या वकिलातीचे पत्र हवे, वकिलातीला आई-वडिलांपैकी एकाचे प्रतिज्ञापत्र हवे की मुलगा अविवाहित आहे, मग त्या सगळ्याचा थाई तर्जुमा, तर्जुम्यावर शिक्का, आणि कचेरीची तारीख मिळालीय तीस नोव्हेंबरची. इथवर सगळे समजले. अशा कामात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या पेठेत नाही. पण शेवटी तू बारीक अक्षरात लिहिलेस की आईला मुलीबद्दल इतक्यात काही बोलू नका, नुसती सही घ्या. बाबा रे, तू संगणकातले काय वाटेल ते शिकला असशील, स्वतःच्या आईला काही तू ओळखत नाहीस. अक्का दुधाच्या कार्डावरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही.

तरी तुझ्यासाठी मी आयुष्यात दुसऱ्यांदा खोटे बोललो. (पहिल्यांदा कधी, ते तुझ्या मामीला विचारू नये.) कंपनीचा कागद आहे, म्हणून सांगितले आणि गेल्या मंगळवारी धायरीहून अक्का, दाजी आणि साक्षीदार म्हणून तुमचा भैरू, अशा तिघांना रिक्षात कोंबून कोर्टात नेले. भैरू तुमच्या शेतावर पंचवीस वर्षे कामाला होता, तुला जन्मापासून ओळखतो, म्हणून साक्षीला तोच बरा असे मी ठरवले. माझ्या हातून झालेली चूक एवढीच, पण ती मोठी होती.

नोटरी म्हणजे साठीतले, सुपारी कातरणारे गृहस्थ. त्यांनी मसुदा मोठ्याने वाचला: 'माझा मुलगा शंभू हा आजतागायत अविवाहित आहे.' अक्काने उचललेले पेन खाली ठेवले. म्हणाली, "हे खोटं हाय. त्याचं लगीन मी लावलंय."

नोटरींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. मी दाजींकडे पाहिले. दाजी पंख्याकडे पाहत होते. तुला आठवत असेलच. नव्व्याण्णव साली तुझ्या पत्रिकेत कडक मंगळ निघाला, बायकोच्या जिवावर बेतेल असे भटजी म्हणाले, आणि तोडगा म्हणून अक्काने तुझे पहिले लग्न बांधावरच्या रुईशी लावले. तू मुंडावळ्या बांधून ताठ उभा होतास (कॉलेजातले मित्र पाहतील म्हणून तोंडावर रुमाल धरला होतास), मी मामा म्हणून तुझ्या पाठीशी होतो. रुईला पिवळी साडी गुंडाळली. मुलीकडचे कोणीतरी हवे, तर त्या झाडाला पाणी घालायचा म्हणून भैरूने कन्यादान केले (म्हणजे साक्षीला मी वधूपित्यालाच नेले होते). पंगतीला चाळीस पाने होती, जिलबी होती. इतरांनी हा तोडगा करून झाड विसरून जायचे असते. तुमच्या घरात विसरणे नाही. भैरू अजून दर अधिक महिन्यात जावयाचे वाण म्हणून तेहतीस अनारसे आणून देतो, आणि तू नसल्यामुळे ते मी खातो.

मी नोटरींना सांगितले की अहो, झाडच ते, कायद्यात कुठे बसते? नोटरींनाही पटत आले होते. तेवढ्यात अक्काने कापडी पिशवीतून २००३ चे खरेदीखत काढले. जमीन बिल्डरला देताना तिने त्यात एक अट घालून घेतली होती, हे मला, घरातल्या एकमेव हेडक्लार्कला, कोणी सांगितले नव्हते. नोटरींनी वाचले: 'सदर मिळकतीच्या आग्नेय कोपऱ्यातील रुई ही लिहून देणार यांची सून असल्याने ती तोडण्याचा अगर हलवण्याचा हक्क लिहून घेणार यांस राहणार नाही.' खाली सह्या, अंगठे, सरकारी शिक्का. नोटरींनी अडकित्ता मिटला. म्हणाले, "अहो, नोंदलेल्या दस्तात सून आहे म्हणता आणि इथे मुलगा अविवाहित म्हणता. मला म्हातारपणी आत बसवायचा विचार आहे का?"

पुढचा तासभर त्या आवारात जे झाले ते लिहायला वही पुरणार नाही. पुण्यात रस्त्यावर माणूस पडला तर लोक घड्याळ बघत पुढे जातील, पण कायद्याचा मुद्दा पडला तर कोणी जागचे हलत नाही. एका वकिलाचे मत पडले की घटस्फोट घ्या, समन्स झाडाला चिकटवता येते. दुसऱ्याचे म्हणणे, नांदायलाच आलेली नाही तर विवाह पूर्ण झाला कुठे? यावर भैरू दुखावला. त्याची लेक कमी पडली असे कोणी म्हणायचे नाही, असे त्याने वकिलाला बजावले. तिसरा म्हणाला, ती मेली असेल तर मुलगा विधुर, मृत्यूचा दाखला जोडा आणि मोकळे व्हा. त्याबरोबर सगळ्यांच्या एकदम लक्षात आले की ती हयात आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे. नोटरी स्वतः रिक्षात बसले. (त्यांना सिंहगड रस्त्याला जायचेच होते, असे ते वाटेत तीनदा म्हणाले.)

शंभू, ती जिवंत आहे. चांगली डोक्याएवढी झाली आहे. तिच्यासाठी बिल्डरची भिंत कोपऱ्यात पोट घेऊन वळली आहे, आणि शनिवारी मारुतीसाठी पाने तोडायला येणाऱ्यांना वॉचमन 'मालकांची सून आहे' म्हणून परत पाठवतो. नमस्कार करावा की जबाब घ्यावा, हे नोटरींना ठरवता येईना.

आणि तिथे माझा धीर सुटला. तेवीस दिवस उरले होते. रुईसमोर उभे राहून अक्काला सगळे सांगितले: मुलगी थाई आहे, नाव अरुणी, तिथल्या इस्पितळात परिचारिका आहे, तुला काविळीत तिनेच वाचवले, आणि तू तिच्याशिवाय दुसरीशी लग्न करणार नाहीस. मला वाटले, आता अक्का बसकण मारणार. दाजींनी तर तिला धरायला हात पुढे केले होते. ती बराच वेळ पाने पुसत राहिली. मग तिने एवढेच विचारले, "पोरीची तब्येत बरी असती ना?"

मी म्हणालो, उत्तम असते.

"मग झालं तर. तिच्यासाठीच केलं व्हतं सगळं. नाव ठावं नव्हतं इतकंच."

मला नंतर थोडा वेळ काही दिसले नाही. नोटरींनीही चष्मा पुसला, आणि धूळ फार आहे इकडे, असे म्हणाले. भैरूने मात्र सवत आणायला परवानगी दिली ती एका अटीवर, की अनारशांचा मान त्याच्याकडेच राहील. ती मी तुझ्या वतीने मान्य केली आहे.

कागद तिथेच भिंतीवर टेकवून झाला. खोटे लिहायला अक्का तयार नाही, खरे लिहिले तर वकिलात अडवणार, म्हणून मसुदा मी केला: 'माझ्या मुलाचा मनुष्यजातीच्या कोणत्याही मुलीशी आजतागायत विवाह झालेला नाही.' एकतीस वर्षांच्या नोकरीत याहून चोख वाक्य माझ्या हातून उतरले नाही. मूळ प्रत सोबत जोडली आहे. तर्जुमा करणाऱ्याला बसवून, चहा पाजून, मग दाखव.

अरुणीस आणि तुला पुन्हा आशीर्वाद.

तुझा
दत्तोबामामा

ता. क. अक्काने अरुणीसाठी हिरवा चुडा घेतला आहे. माप माहीत नाही, म्हणून तीन मापांत घेतला आहे.

ता. क. २. लग्न नोंदवायला दोन साक्षीदार लागतात असे तू लिहिलेस. आज सकाळी अक्का आणि दाजी पासपोर्टच्या एजंटकडे गेले होते. तेव्हा वर तेवीस दिवस, तीस तारीख वगैरे जे लिहिले ते सोडून दे आणि तारीख दोन महिने पुढे घे. खरी विनंती हीच आहे. आई तुझ्या पहिल्या लग्नाला होती, दुसऱ्यालाही असावी.

ता. क. ३. एजंट दोघांच्या लग्नाचा दाखला मागतो. एकाहत्तर साली धायरीत लागलेल्या लग्नाचा कागद कोणाकडेच नाही. शोध शोध शोधले, घरात लग्नाचा सरकारदरबारी पुरावा फक्त रुईचा आहे. तरी आपले आई-वडील विवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र करून उलट टपाली पाठव. वाचल्याशिवाय सही करू नकोस.