अंगणाखालचा मे महिना

११ मे
झालं एकदाचं सुरू! गच्चीभर काळ्या नळ्या अंथरल्यात. उन्हाने त्यांतलं पाणी तापतं, अंगणाखालच्या खोल बोअरमधून फिरतं, तिथली जमीन तापवतं. थंडीत हीट पंपाने तीच उष्णता वर ओढायची — अख्ख्या सोसायटीला आंघोळीचं पाणी! आमचे हे म्हणतात, "कुंदा, ऊन पुरून ठेवणारी मुलुंडमधली पहिली बाई तू!" नवरा आहे, बोलणारच.
जयवंतराव, चौथा मजला, घरी म्हातारी आई; भर सभेत विरोधात. "वैनी, हे खूळ आहे. दिवाळीत गरम पाणी मिळालं नाय तर बोअर बुजवायचे." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आणि मी सेक्रेटरी! हरले तर तोंड लपवायला जागा नाही.

२६ मे
काय उकाडा! आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं. ताप रे बाबा, अजून ताप!

१२ ऑक्टोबर
पंप लावला. नळाखाली हात धरला — चटका! जिन्यातच नाचले. खाली फळ्यावर लिहून टाकलं: यंदाचं पहिलं अभ्यंगस्नान सोसायटीच्या पाण्याने!

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी
वाट लागली! रोज प्रत्येकजण आपापल्या वेळी आंघोळ करतो, तोवर पंप टाकी पुन्हा तापवतो. आज सूर्य उगवायच्या आत अख्ख्या इमारतीने तेल-उटणं लावून एकदम नळ सोडले. एवढं साधं माझ्या लक्षात येऊ नये? इतकी वर्षं पोरांना अंधारात उठवून न्हाऊ घालणारी मीच ना!
टाकी गारढोण. शेजारचा हर्षद अंगाला उटणं फासून जिन्यात बोंबलतोय, "काकू, पाणी!" फराळाला कुणी फिरकलं नाही. चकल्या एकटीने खाल्ल्या. रडलेसुद्धा, खूप.
रविवारी सभा. बोअर बुजणार.

२६ ऑक्टोबर
मी माफी मागितली. म्हटलं, बुजवा.
जयवंतराव उठले. "बुजवायचे नाय! पाण्याचं काय घेऊन बसलाय? गच्चीखाली माझं घर. दर मे महिन्यात दुपारभर आमची म्हातारी आवस जिन्यात बसून असायची, घरात भट्टी ना! यंदा त्या नळ्यांनी ऊन खाली नेलं. आवस पंख्याखाली झोपली. घोरली, वैनी!"