समोरचा दिवा बंद ठेवण्याबाबत

मी, चुनाभट्टीवाल्यांची थोरली लेक आणि ताऱ्यावाल्या मास्तरांची बायको, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते, कारण परवा माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. शाळा चौथीपर्यंत, म्हणून चुका वकिलांनी काढल्या. टोमणेही काढायला निघाले होते, ते मी काढू दिले नाहीत.

१. घर लेकीला. भट्ट्या चालू होत्या तोवर या गावाला आकाश म्हणजे धूर एवढंच ठाऊक. भट्ट्या विझल्या, निम्मं गाव पोटामागे निघून गेलं, आणि वर चांदण्या दिसायला लागल्या. गाव बुडाल्याचा आनंद झालेला माणूस एकच, आमचे भाडेकरू, म्हणजे हेच मास्तर. दुपारी शाळेत गणित, रात्री गच्चीवर एकच तारा. वडील म्हणाले, "रात्रभर जागतो, चोराची भीती नाही." राखणदाराला पगार द्यायच्या ऐवजी मला दिली.

२. दुर्बीणही लेकीलाच. हा तारा सत्तावीस वर्षांनी एकदा महिनाभर मंदावतो. गेल्या खेपेला नेमकं आमचं लग्न निघालं आणि मास्तरांचं निम्मं निरीक्षण वऱ्हाडात वाहून गेलं. ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या संस्थेने "अर्धवट काम" म्हणून परत पाठवलं. मास्तर पुढच्या खेपेची वाट बघत राहिले आणि गेल्या वर्षी गेले. खेप या हिवाळ्यात आहे.

लग्नानंतर लगेच त्यांचे मित्र आले होते. मी दाराआड चहा घेऊन उभी. आत हे सांगतात, "रूपविकारी आहे. सध्या अगदी मंद. उजळेल हळूहळू." मी चहा आल्या पावली परत नेला आणि स्वयंपाक एकटीपुरता केला. "अगं, तारा!" म्हणाले. तेज बदलत राहतं तो रूपविकारी तारा. मला काय ठाऊक? आरशात बघून मला तर पटलंसुद्धा होतं.

३. भट्टीची मोकळी जागा धाकट्या भावाला. तो नगराध्यक्ष आहे आणि जागेवर त्याचा डोळा आहे. "ताई, तुझ्या दारात अंधार बरा दिसतो का?" म्हणून त्याने समोर खांब रोवून मैदानाला पुरेल एवढा दिवा लावला. माया केली मेल्याने! तारा दिसेनासा झाला.  मी भावाला जे बोलले, ते वकिलांनी लिहून घेतलं नाही. त्याच उजेडात मी भांडी घासते, घरातला बल्ब लावत नाही, हेही खरंच. अट एवढीच, की हा हिवाळाभर दिवा बंद. लागला, तर जागा वखारवाल्याला, ज्याचं तोंड भाऊ बघत नाही.

४. लेक म्हणते, "आई, मला तारा नि विमानाचा दिवा सारखेच." मलाही. बाबांनी नकाशावर खूण केली आहे, तेवढं बघ आणि संस्थेला कळव. वर नाव त्यांचं घाल. माझं नको, मी निम्मं निरीक्षण बुडवलेली बाई.

ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून ज्याला काहीच देत नाही असा शोधला, खांबाचा वायरमन. वाचून म्हणाला, "काकू, एवढ्यासाठी मरायला कशाला हवं? आधी बोलायचं ना!" आणि पक्कड घेऊन बाहेर गेला. येऊन सही करतो म्हणाला आहे.

माझी सही मधेच वाकडी झाली आहे, कारण तेवढ्यात दिवा गेला. खाडाखोड समजू नये.

सही: मास्तरांची बायको
साक्षीदार: १. वकील २. वायरमन (अंधारात चाचपडत)
स्थळ: आमचं स्वयंपाकघर
१२ नोव्हेंबर, दिवेलागणीची वेळ