सतरा नंबरची नळी

पवनार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. भावनास आत्याचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन काऊन नाई केला म्हनशीन, तं तो घडीघडी दीपमालाजवळ राह्यते अन् हे तिच्यापुढं बोलाचं नाई. तू लिहिलं, तुह्या तपासनीतली सतरा नंबरची नळी, म्हनजे आपली दीपमाला, रक्ताच्या त्या सिकलसेल रोगाची वाहक. तिची सोयरीक जुळली तो सेलूचा निकेशही वाहक, त्याचा दवाखान्याचा कागदच हाय. मंग लेकरू जन्मभर हाडं धरून रडन. शेजारच्या श्रावणचं कण्हनं मी रोज आयकून राह्यली. काल सेलूले जाऊन सोयरिकीले नाई म्हनून आली. तवापासून पोरगी माह्याशी बोलत नाई. थकली मी.

अन् तुही ते रक्त तपासाची मशीन! काचेवर सोनं लावता म्हने. इथं नाकात घालाले नाई, तुमी रक्तात भिजवा.

रागावू नको, लोभ ठेवजो.
पंचफुला आत्या


पुणे, ८ फेब्रुवारी

आदरणीय आत्या, सविनय जयभीम, वि. वि.

एवढी घाई कशाला केलीस? यंत्र अजून प्रयोगातलं आहे, दवाखान्यात तपासल्याशिवाय काही ठरवू नकोस, असं मी लिहिलं होतं. तू हट्ट धरलास म्हणून सांगितलं; सांगायला नको होतं, ती चूक माझी.

सोन्याच्या थराला रक्त लागलं की परतणाऱ्या उजेडाचा कोन सरकतो, तो आम्ही मोजतो. सोळा नंबर तुझा. सोळा आणि सतरा तीनदा मोजले, केसाचाही फरक नाही. मायलेकींचंही इतकं जुळत नाही गं. खरं सांग, सतरात कुणाचं रक्त आहे?

तुझा लोभ आहेच, तो राहू दे.
भावना


पवनार, १३ फेब्रुवारी

चि. भावनास सप्रेम जयभीम.

माहंच. तुले चाळीस नळ्या पाह्यजे होत्या, लोकं सुई पाहून पळत होते, अन् दीपमाला शिवनक्लासले गेलती. म्हटलं, माह्याच रक्तातून झाली, तिचं वेगळं काय असन? दुसऱ्या हाताचं बोट टोचलं अन् नळीवर तिचं नाव घातलं. काल तिले दवाखान्यात नेलं, सारं सांगतलं. तिथल्या नळीवर आपलं नाव तिनं सोताच लिहिलं.

लोभ कमी करू नको.
आत्या


सेलू, बसस्टँड, २० फेब्रुवारी

चि. भावनास जयभीम.

कागद आला. दीपमालाले सिकल नाई, ती वाहकही नाई; वाहक मीच. लग्नाले काईच अडचन नव्हती. तसाच कागद घेऊन सेलूले आली. निकेशचे वडील प्रभाकरराव, त्याईनं चहा पाजला, सारं आयकून घेतलं, मंग म्हने, बाई, तुमीच तं नाई म्हनून गेल्या. रविवारी आमी पुलगावच्या पोरीले शब्द देला. कागद पिशवीत घातला अन् उठली.

पवनारच्या दोन बस गेल्या, चढली नाई. जलमभर कोनाले तोंडावर बोलाले भ्याली नाई मी. पन दीपमाला दारात उभी असन, तिले माह्यानं सांगवत नाई. हे पत्र भेटलं का तूच तिले फोन करजो. तवापर्यंत मी म्हनीन, ते लोकं घरी नव्हते.

लोभ राह्यला असन तं असू दे.
तुही आत्या