सूचना क्रमांक चार

६ मे, बुधवार

टोळ पास झाला. दुपारी एक वाजता गच्चीवर घेतला, सावलीत ४२ अंश. अर्धा लिटर पाणी, झाकण ठेवून, २ मिनिटे ५० सेकंदांत उकळले. तीनदा केले. तिन्ही वेळा तीन मिनिटांच्या आत.

टोळ म्हणजे दादाने मागवलेली शेगडी. तीन पाय दुमडले की मुठीत मावते. खाली गॅसचा छोटा डबा फिरवून बसवायचा, झाले. वजन ८८ ग्रॅम. दुकानात पाच वर्षे शेगड्या दुरुस्त करतोय, एवढी देखणी वस्तू हाताखालून गेली नव्हती.

दादा काल कुर्डुवाडीहून आला. वर्कशॉपमधून रजा मिळाली एकदाची. तो आणि त्याचे दोस्त दिलीप, जावेद, तिघे हिमाचलात चढणार. वाटाड्या नाही, खेचर नाही, सगळे पाठीवर. दिलीपच्या जीपने जायचे, कारण रेल्वेत गॅस चालत नाही आणि दादा रेल्वेचाच माणूस.

"डबे तिकडंच घेऊ की. वाटेत मोठ्या गावात मिळत्यात."
"आणि नाही मिळाले तर?"
"तर तुजं डोकं उकडून खाऊ."

मागच्या वेळी इकडच्याच गडांवर वापरलेले चार रिकामे डबे माळ्यावर आहेत. मी भरून देतो म्हणालो.

७ मे

चारही भरले. केटरिंगवाले टेबलावरच्या शेगडीला लावतात त्या लांब टिनमधला गॅस घेतला. विचार करून घेतला. मूळ डब्यावर दोन गॅसची नावे आहेत, टिनवर एकाचेच. एकट्या गॅसचा दाब कमी, म्हणजे जीपमध्ये उन्हाने फुटण्याची भीती कमी. मल्लूअण्णांना (आमचे मालक) विचारले. म्हणाले, "गॅस तो गॅस. पेटला म्हणजे बास."

वजन शेजारच्या सोनाराच्या काट्यावर केले. तो म्हणे, "घडणावळ किती लावू?" एकही डबा मूळ वजनाच्या वर नाही. मार्करने ड-१ ते ड-४ लिहिले. साबणाचे पाणी लावून पाहिले, एकही बुडबुडा नाही.

टिनवरच्या इंग्रजी सूचना एकेक अक्षर पाहून उतरवल्या, फोनवर अर्थ शोधला. सगळ्या उष्णतेच्या. ५० अंशांच्या वर नको, उन्हात नको, बंद गाडीत नको.

८ मे

दादासाठी सूचनांचा कागद केला. एकूण १७. शुद्ध लिहिला, प्लास्टिकमध्ये घातला. महत्त्वाच्या:

क्र. १ – जीपमध्ये डबे ओल्या पोत्यात.
क्र. ४ – रात्री डबे तंबूत घ्यायचे नाहीत. अंगापासून लांब, बाहेर ठेवायचे.
क्र. ९ – डबा कधीही गरम करायचा नाही.

दादा आईचा पितळी स्टोही बांधत होता, पंपाचा, रॉकेलचा. मी काढून घेतला. रॉकेलसकट दीड किलो जास्त. वर बर्फ वितळवूनच पाणी करायचे आहे, दुसऱ्या मुक्कामाच्या पुढे झाड नाही, लाकूड नाही, हे त्याने सांगितले. मी हिशेब दाखवला, चार डबे तिघांना पाच दिवस पुरून उरतात.

"बघ हां," म्हणाला. "तुज्यावर सोडतोय."

स्टो मोरीच्या कट्ट्याखाली ठेवला.

९ मे

पहाटे निघाले. पोते भिजवून दिले. जावेद म्हणाला, "डबे पाठवतोयस का बाळंतीण?" दादाने कागद खिशातून काढून दाखवला, "तोंडपाट केलाय, विचार." मी क्र. ९ विचारला. बरोबर सांगितले.

१० मे

फोन ४ वेळा केला. राजस्थानात ४५. डबे फुटले असे सारखे डोळ्यांपुढे येते. चौथ्यांदा दादाने उचलल्या उचलल्या, "डबे सावलीत हायत, मी उनात हाय. ठेव."

१२ मे, मंगळवार

शेवटच्या गावात पोहोचले. दादाचा फोन तिथल्या दुकानातून, नंबर लिहून ठेवला. डबे चारही ठीक. उद्यापासून चालणे. १८ ला संध्याकाळपर्यंत परत त्याच दुकानात, आल्या आल्या फोन. तोपर्यंत रेंज नाही.

म्हणाला, "रात्री लई गार हाय हितं. टोळावर चा केला, जरा वेळ लागला."

(१४ ला वाढवलेले:) मला आनंद झाला होता, डबे फुटले नाहीत म्हणून. 'जरा वेळ लागला' हे ऐकलेच नाही. म्हणजे ऐकले, पण

१४ मे

दुकानात एका केटररची टेबल-शेगडी आली, सोबत अर्धा टिन. तोच गॅस. पुसताना तळाचे किमतीचे स्टिकर निघाले. माझ्या टिनवरही तिथेच स्टिकर होते. खाली एक ओळ. मी ती उतरवलेलीच नाही.

पाच अंशांखाली वापरू नये.

फोनवर शोधले. चार वेळा वाचले. हा गॅस शून्याच्या आसपास पाण्यासारखा राहतो, त्याची वाफच होत नाही. मूळ डब्यात दुसरा गॅस असतो तो त्यासाठीच, थंडीसाठी. दाब जास्त म्हणून मी जो नको म्हटला, तोच.

मल्लूअण्णांना दाखवले. ते बराच वेळ टिन फिरवत राहिले. "आपल्याकडं थंडी म्हणजे खोबरेल गोठलं की झालं रे. कुणाला ठावं." मग स्वतःशीच, "एन माडोदु, काय करायचं आता?"

आज ते दुसऱ्या मुक्कामाला. तिथे अजून लाकूड आहे. उद्यापासून नाही.

दादाचा फोन बंद. दिलीप बंद. जावेद बंद.

१५ मे

कदाचित लिहिणारे उगीच घाबरवत असतील असे वाटले. घरी ६ तारखेच्या चाचणीचा रिकामा डबा होता, तो त्याच टिनमधून भरला, ड-५ लिहिले. दुकानातली जुनी, त्याच डब्याला बसणारी शेगडी घेतली आणि बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथले गफ्फारचाचा आम्हाला ओळखतात, त्यांच्या घरची शेगडी मी दुरुस्त करतो.

"बरफ में चुल्हा पेटाता क्या रे? दिमाग फिर गया क्या तेरा?"

दादाचे सांगितले. मग त्यांनी लाद्यांच्या खोलीत डबा पाऊण तास ठेवू दिला. "पेटाना है तो बाहर. अंदर नक्को."

बाहेर दारात पेटवला. बाहेर ४१ अंश असूनही ज्योत नखाएवढी. फिकट. १ मिनिट ४० सेकंदांनी गेली. पाणी बोट बुडवण्याइतकेही तापले नाही. डबा हलवला तर आत गॅस डचमळत होता. भरपूर होता. वर येत नव्हता.

वजन बरोबर, झडप बरोबर, साबणाचे पाणी बरोबर. सगळे बरोबर आणि पाणी गार.

चाचांनी डबा माझ्या हातातून घेतला, सदऱ्यात घातला, पोटाशी धरला आणि खुर्चीवर बसून राहिले. डोळे मिटून. वीस मिनिटांनी, "अब लगा." लागला. पूर्ण ज्योत. अर्धा लिटर नाही, पण एक कप चहा उकळला. तो चहा त्यांनीच प्यायला. "इत्ती सी बात है. भाई को बोल, पेट से लगा के सोना."

इतकीच गोष्ट आहे. आणि क्र. ४ काय सांगते?

रात्री बाहेर ठेवायचे. अंगापासून लांब.

दादा माझा कागद तोंडपाठ करून गेला आहे.

१५ मे, संध्याकाळ

गावातल्या दुकानाचा नंबर बावीस वेळा लावला. तेविसाव्यांदा उचलला. दुकानदार म्हातारा असावा, खोकतो.

"हां, तीन लड़के, महाराष्ट्र वाले. ऊपर हैं."
"उनको एक संदेसा देना है. बहुत जरूरी है."
"कल खच्चर वाला जाएगा, दूसरे पड़ाव तक. लिखवाओ. छोटा लिखवाना, मेरी आँख कम है."

मी सतरा सूचना केल्या आणि इथे एक ओळ जमेना. आधी गॅसची नावे सांगायला लागलो. तो म्हणाला, "भैया, ये वो पढ़ेंगे कब?" मग म्हणालो, लिहा: डबा बिघडलेला नाही, थंडी आहे. तेही खोडायला लावले. शेवटी एवढेच:

"नंबर चार ग़लत है. डिब्बा पेट से लगाकर सोओ, दिन में भी कपड़ों के अंदर रखो. आग पर मत रखना."

शेवटचे वाक्य मीच वाढवले. कारण ज्योत जाऊ लागली की माणूस काय करतो ते मला दुकानात रोज दिसते. तहानलेला माणूस तर डब्याखाली मेणबत्तीसुद्धा धरेल. क्र. ९ त्यांनी पाळावी. क्र. ४ पाळू नये. एकाच कागदावरची एक पाळायची आणि एक नाही, हे त्यांना तिकडे कसे कळावे?

१६ मे

आईला सांगायचे नाही असे ठरवले होते. सकाळी मोरीच्या कट्ट्याखालून स्टो काढून घासत बसलो, तिने विचारले, आणि मी सांगून टाकले.

ती स्टोच्या टाकीवर हात ठेवून बसली.

"त्यो लहानपणापासून कुणाचं ऐकायचा न्हाय. बापाचं न्हाय, मास्तरचं न्हाय. तुजं तेवढं ऐकतो." स्टो माझ्याकडे सरकवत, "त्येच वाईट झालं."

जेवण नाही. दुकानात एका शेगडीचे बर्नर उलटे बसवले. अण्णांनी काढून परत बसवले.

फोनवर तिकडचे हवामान: वर रात्री उणे सहा, उद्या हिमवर्षाव. हे पान उघडायचे नाही असे ठरवले. अकरा वेळा उघडले.

१७ मे

दुकानदाराला फोन. लागला.

खेचरवाला परत आला. दुसऱ्या मुक्कामाला तिघे नव्हते, पुढे गेलेले. चिठ्ठी त्याने वर जाणाऱ्या एका मेंढपाळाला दिली. मेंढपाळाला वाचता येत नाही, टोपीत ठेवली.

"मिलेगा उनको?"
"मिलेगा तो देगा."

खेचरवाल्याने खालून तंबू पाहिला म्हणे. दूर, बर्फाच्या कडेला. मी विचारले, स्वयंपाक करत होते का? दुकानदार म्हणाला, धूर दिसला नाही. गॅसला धूर नसतो. पेटला असेल तरी धूर नाही, नसेल तरी नाही. हे त्याला समजावत बसलो. तो "अच्छा, अच्छा" म्हणत राहिला.

आज वरचा शेवटचा दिवस. पाण्याशिवाय, सुक्या चिवड्यावर, माणूस त्या उंचीवर किती दिवस... बर्फ नुसताच खाऊ नये, त्याने अंग आणखी गार पडते. हेही माझ्या कागदावर नव्हते.

आईने विचारले, "बर्फ तोंडात धरला तर तहान भागती का?" मी म्हणालो, भागते.

१८ मे, सोमवार

आज फोन यायचा. दुकानात गेलो नाही. फोन चार्जरवरून काढला नाही.

४ वाजले. ५. ६. साडेसहा. सात.

आला नाही.

दुकानदार म्हणतो, "बर्फ पड़ी है, एक दिन इधर उधर होता है, भैया." तो मला धीर देतोय हे आवाजावरून कळते. धीर देणाऱ्या माणसाचा आवाज इतका हळू का असतो.

१९ मे

सकाळी अण्णा घरी आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. आईसमोर पाटावर बसले, चहा घेतला, आणि जाताना मला म्हणाले, "मीच म्हणालो होतो, गॅस तो गॅस. तू एकटा न्हाईस." मला त्याने बरे वाटायला हवे होते.

गफ्फारचाचांचा फोन, "मिला क्या भाई?" नाही म्हणालो. "पेट से लगाएगा वो. ठंड में सब को अकल आती."

दादाला माझा कागद पाठ नसता तर आली असती.

दुपारी पावणेतीन. दुकानदाराचा फोन. त्याने स्वतः केला. जसे ऐकले तसे लिहितो:

"भैया, ऊपर के मोड़ पर दिख रहे हैं. उतर रहे हैं."
"कितने?"
"रुको... लड़का देख के बता रहा है, मेरी आँख कम है. तीन. तीन हैं."

आईला हाताने तीन दाखवले. तिने स्टो पुढे ओढला.

"ठीक चल रहे हैं?"
"धीरे. बहुत धीरे. एक ने हाथ पेट से लगा रखा है."
"हातात काय आहे? डिब्बा? कपड़ों के अंदर डिब्बा है क्या?"
"इतनी दूर से कैसे बताऊँ."
"कौन सा वाला? लंबा है क्या वो?" (तिघांत दादाच उंच.)
"सबसे आगे वाला. हाथ ऐसे पकड़ा है, जैसे चोट लगी हो. या कुछ छुपाया हो."

दुकानापर्यंत यायला एक तास, म्हणाला. पोहोचले की फोन लावून देतो.

पोटाशी हात. डबा धरला असेल तर चिठ्ठी मिळाली. भाजला असेल तर मेणबत्ती धरली. दोन्हींत माणूस तसाच चालतो.

आईने स्टोत रॉकेल भरले, पंप मारला, पाणी ठेवले. कुणासाठी ते विचारले नाही. ३:०५. पाणी उकळायला आले आहे. फोन मांडीवर आहे. ३:०६.