तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

४ जून
क्लोडा आली. भावाची मुलगी. बारा वर्षं ऑस्ट्रेलियात होती. दारातच विचारलं, चहा घेतेस? म्हणाली, "हो, घेते की." पहिल्याच खेपेला! मी किटली हातात घेऊन उभीच राहिले.

आमच्याकडे दोनदा नको म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की मग, आता तू एवढं म्हणतेसच तर. तिचा बाप माझ्या घरी भुकेला यायचा तरी हेच. पोर पार परकी झाली.

६ जून
पाऊस. पाहुण्यांना गावच्या जुन्या जागा दाखवायची माझी फेरी नाही.

७ जून
मिनीबसभर डच माणसं. गाडी नेहमीप्रमाणे मॅलकीची. हा माझा शेजारी. गाडीपेक्षा तोंड जास्त चालतं. रूनी शेतकऱ्याच्या कुरणातून टेकडीवरच्या दगडी थडग्याकडे नेलं. एकाने विचारलं, हे किती जुनं? मॅलकी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "नोरीनच्या गुडघ्यांपेक्षा थोडं जुनं. पण हे अजून उभं आहे."

डच हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

क्लोडाही आली होती. परतताना चुकलेल्या एका बाईला ती वाट सांगत होती — जळालेल्या शाळेपाशी डावीकडे वळा. शाळा जळाली तेव्हा क्लोडाचा जन्मही झाला नव्हता. तिथे आता नुसतं गवत आहे. डच बाई गवताकडे बघत राहिली. आमच्या लीट्रिम परगण्यात वाट अशीच सांगतात.

१० जून
डॉक्टरांकडे. सप्टेंबरात गुडघा बदलायचा. नंतर शेतातली चढण कायमची बंद. म्हणजे फेऱ्यांचा हा शेवटचा उन्हाळा.

रूनी फाटक उघडतो ते मी आमच्या बापाची मुलगी म्हणून. माझ्या जागी बाहेरचा कुणी आला की फाटकाला कुलूप. मग थडगं, पवित्र विहीर, घामाची खोली — सगळं गायींना बघायला.

१२ जून
घामाच्या खोलीकडे नेलं. दगडाची, कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. जुने लोक आत पीट, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या वाळक्या विटा, पेटवायचे, राख काढून उघडे बसायचे, सांधेदुखी घामातून घालवायचे. मला वाकवेना. क्लोडा सरपटत आत गेली आणि आतूनच सांगायला लागली. आवाज बापाचा. थापाही बापाच्याच — कुणी एक पाद्री म्हणे आत अडकला आणि बारीक होईपर्यंत त्याला तिथेच ठेवलं. पाहुणे खूश.

येताना रूनीने तिला थांबवलं. तुझ्या बापाला गवताची गंजी कधी सरळ रचता आली नाही, म्हणाला. रूनी हे प्रत्येकाला सांगत नाही. तिच्यासाठी फाटक उघडेल, एवढं मला कळलं.

इथे राहशील का, असं मी तिला विचारणार नाही. तिचं तिचं आयुष्य आहे. आणि अशा गोष्टी आपण विचारायच्या नसतात.

१५ जून
तिनेच विचारलं! भांडी धुताना. "आत्या, मी राहू का इथेच? फेऱ्या मी करीन."

मी म्हटलं, "छे, काहीतरीच. तुझं सगळं तिकडे आहे."

आणि ताटली घासत, ती पुन्हा विचारेल म्हणून थांबले. फार वेळ घासली. ती म्हणाली, "बरं." ताटली माझ्या हातातून घेऊन पुसली.

बरं!

१६ जून
तिने पुन्हा नाही विचारलं.

१७ जून
तिच्यासमोर जिन्यावर दोनदा कण्हले. तिने मलम आणून दिलं.

१९ जून
तिने तिकीट काढलं. पंचवीस तारखेचं.

विहिरीच्या वाटेवर मॅलकीला सांगितलं. पाहुणे पुढे प्रदक्षिणा घालत होते — सूर्य फिरतो तशी, उजवीकडून. एक गृहस्थ उलटे निघाले, मॅलकीने त्यांना खांद्याला धरून वळवलं. मग माझ्याकडे आला. "एकदा नको म्हणालीस आणि तिने ऐकलं? अगं, तिकडे लोक एकदाच विचारतात."

मग आता?

"आता तू विचार."

असं कसं विचारायचं, म्हटलं. तिने विचारलं होतं, पुन्हाही तिनेच विचारायला हवं.

तो हसायला हवा होता. हसला नाही. विहिरीकडे बघत म्हणाला, "मीही तुला एकदाच विचारलं होतं, नोरीन. लंडनहून आलो त्या वर्षी."

मला आठवत होतं. मी पुढच्या रविवारपर्यंत वाट बघितली होती. नंतरच्याही रविवारपर्यंत.

"तू नको म्हणालीस. मला वाटलं, चहाचं वेगळं, लग्नाचं वेगळं."

पाहुणे आले. त्याने त्यांना सांगितलं की या पाण्याने डोळे सुधारतात, अक्कल नाही. मग गाडी चालू केली.

२१ जून
स्पॅनिश जोडपं. थडगं लहान वाटलं त्यांना.

२३ जून
संत जॉनची रात्र. दरवर्षीसारखा टेकडीवर जाळ. क्लोडाने पीटच्या विटा पोत्यातून वर नेल्या, मला खुर्ची नेली. जाळाशेजारी बसलो. शब्द तोंडाशी आला होता. मी म्हटलं, वारा सुटला.

म्हणाली, "हो."

२५ जून
बॅग दाराशी. मॅलकीची गाडी बाहेर, इंजिन चालू. क्लोडा कोट घालत होती. मी म्हटलं, "क्लोडा, राहा इथेच."

तिने वर बघितलं नाही. बटण लावत म्हणाली, "नको गं, आत्या. तुला उगीच त्रास."

नको! आमचीच पोर.

मॅलकीला इंजिन बंद करायला सांगितलं, आत ये म्हटलं. तो नको म्हणाला. किटली ठेवली आहे. ती उकळेपर्यंत हे लिहिते. दोघांनाही अजून दोनदा विचारायचं आहे.